कबरीवर रंग चढवण्याआधी अक्षरे उतरवून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की कोकणातले गवत वाळते आणि जुन्या कबरस्तानांची झाडलोट सुरू होते. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहा-अष्टमी या पट्ट्यातल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, कबरस्तानांत याच दिवसांत मुंबई-ठाण्याहून आणि थेट इस्राएलहूनही माणसे येतात. आजोबा-पणजोबांची कबर शोधतात आणि सापडली की गावातल्या पेंटरला बोलावून अक्षरांत काळा ऑइलपेंट भरून घेतात. त्यामागची माया कळते. पण पेंटर वाचून रंग भरत नाही, दिसेल तसा भरतो. झिजलेल्या ९ चा त्याच्या हातून १ होतो, १८९२ चे १८१२ होते. ऐंशी वर्षे, म्हणजे तीन पिढ्या एका कुंचल्याने इकडच्या तिकडे. पुढे येणारा प्रत्येक जण तो चकचकीत आकडा अस्सल म्हणून वहीत उतरवतो. तेव्हा आधी नोंद, मग झाडलोट, आणि रंग शक्यतो नकोच, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

कबरस्तानात गेल्यावर काय मिळेल याचा अंदाज घरून निघतानाच असावा. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी बेने इस्राएलांची परंपरा आहे. नवगावला आज त्याचे स्मारक आहे. मात्र जुन्यात जुन्या कबरींवर अक्षर नाही, नुसते दगड रचलेले. अक्षरे असलेले दगड बहुतेक एकोणिसाव्या शतकातले आणि त्यानंतरचे. दगडाच्या जोरावर चार-पाच पिढ्या मागे जाता येते. त्यापलीकडची वंशावळ कोणी दगडावरून काढून दाखवली तर शंका घ्यावी.

सगळ्यात जास्त घोळ नावांत होतो. केहीमकर किहीमचे, नवगावकर नवगावचे, पेणकर पेणचे, दिवेकर दिवेआगरचे. आडनाव फक्त सोडलेले गाव सांगते. दोन पेणकर घराणी एकमेकांची कोणीच नसतील. शिवाय दिवेकर, पेणकर, नागावकर ही आडनावे हिंदू घरांतही आहेत, त्यामुळे सरकारी कागदात नुसते आडनाव जुळले म्हणून हुरळून जाऊ नये. जुन्या दगडांवर पुष्कळदा आडनाव नसतेच. नाव आणि बापाचे नाव, बस्स. त्यातही एकाच माणसाची दोन नावे. शमुएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी, अब्राहमचा अबाजी, एलियाचा एलोजी. मुंबईचे पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल होतात. एकाच दगडावर मराठी ओळीत सामाजी आणि हिब्रू ओळीत शमुएल दिसले, तर ती दोन माणसे धरू नयेत. उलट चूकही तेवढीच होते: आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे सामाजी हसाजी, हसाजी सामाजी, पुन्हा सामाजी हसाजी अशी माळ तयार होते आणि शोधणारा आजा-नातवाला एकच करून मधली एक पिढी गिळून टाकतो.

नात्याचे शब्दही नीट वाचावे लागतात. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ आणि ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, हे बायकोच्या नावानंतर येतात आणि त्यापुढचे नाव नवऱ्याचे असते. हे शब्द दगडापेक्षा मोडी कागदांत अधिक भेटतात, पण दगडावर भेटले तर लोक ‘कोम’ हे आडनावच समजतात. ‘काजी’ वाचून कबर मुसलमानाची ठरवू नये, आणि ‘मुकादम’ वाचून पणजोबा मजुरांवरचे मुकादम होते असे घरी सांगू नये. बेने इस्राएलांत काजी हा धर्मविधींचा मान होता आणि मुकादम हा सिनेगॉगचा प्रमुख. सिनेगॉगलाही हा समाज ‘मशीद’च म्हणे. जुन्या कागदातली ‘जुनी मशीद’ म्हणजे मुंबईचे तेच १७९६ चे सिनेगॉग असू शकते.

बाईच्या दगडावर हिब्रू ओळ असेल तर ती मराठीपेक्षा मोलाची. मराठी मजकूर तिला नवऱ्याच्या नावाने ओळखतो. हिब्रूत तिच्या नावापुढे ‘बत’, म्हणजे मुलगी, हा बेत आणि ताव या दोन अक्षरांचा शब्द येतो आणि त्यानंतर तिच्या बापाचे नाव. माहेर कळण्याचा मार्ग बहुधा एवढाच. हिब्रू येत नाही म्हणून लोक त्या ओळीचा फोटोच काढत नाहीत, आणि नेमकी तीच ओळ जमिनीलगत असेल तर आधी झिजते. सुरुवातीला पे आणि नून ही दोन अक्षरे, म्हणजे ‘येथे पुरले आहे’, आणि शेवटी ताव-नून-सादे-बेत-हे ही पाच अक्षरे, म्हणजे आत्म्यासाठीची प्रार्थना. हे दोन ठोकळे ओळखता आले की उरलेल्या मधल्या मजकुरात नाव आणि तारीख शोधायची. वाचायचे उजवीकडून.

हिब्रू साल अक्षरांत असते. आलेफ १ पासून तेथ ९ पर्यंत एकक, योद १० पासून सादे ९० पर्यंत दशक, मग कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. पाच हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो. ताव-रेश-सामेख-हे असे कोरलेले असेल तर ४०० + २०० + ६० + ५ = ६६५, म्हणजे ५६६५. त्यातून ३७६० वजा केले की १९०५. पण हिब्रू वर्ष तिश्री महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. मृत्यू तिथपासून ३१ डिसेंबरपर्यंतचा असेल तर ३७६१ वजा करायचे, म्हणजे १९०४. पुस्तकी नियम इतका सोपा आहे. अडचण दगडाची. हे (५) आणि हेथ (८) यांत फरक डाव्या पायाच्या वरच्या फटीचा. ती फट शेवाळाने भरली की ६६५ चे ६६८ होते आणि मृत्यू तीन वर्षे पुढे सरकतो. दालेत (४) आणि रेश (२००) सारखे दिसतात, पण तिथे घाबरायचे कारण नाही: आकडे मोठ्याकडून लहानाकडे लिहितात, तेव्हा मध्ये आले ते रेश आणि शेवटी आले ते दालेत. बेत (२) आणि काफ (२०) या जोडीलाही हीच युक्ती बरीच मदत करते. हे-हेथच्या बाबतीत ती चालत नाही, कारण दोन्ही शेवटीच येतात. तिथे वार कामाला येतो. दगडावर वार असेल तर दोन्ही सालांची ती तारीख इंग्रजी तारखेत बदलून पाहावी. बहुतेक वेळा एकाच सालाचा वार जुळतो. १५ आणि १६ हे आकडे योद लावून लिहीत नाहीत. ९ + ६ आणि ९ + ७ असे लिहितात. ती गवंड्याची चूक नाही.

गवंड्याच्या चुका वेगळ्या. हिब्रू न येणारा पाथरवट कागदावरची नक्षी पाहून कोरी, त्यामुळे अक्षर उलटे पडते, दोन अक्षरे चिकटतात. मराठीतही ३ आणि ६ आरशातल्यासारखे एकमेकांच्या जागी आलेले दिसतात.

मराठी आणि हिब्रू तारखांत एका दिवसाचा फरक दिसला की लोक कोणती खरी यावर वाद घालतात. दोन्ही खऱ्या असतात. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, इंग्रजी मध्यरात्री आणि पंचांगातला सूर्योदयाला. सोमवारी रात्री आठला गेलेला माणूस हिब्रूत मंगळवारी गेला. समाधीवर किंवा कागदात शक असेल तर इंग्रजी सालासाठी ७८ मिळवावेत, आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर या तुकड्यासाठी ७९. संवत्सराचे नाव दिलेले असेल तर पडताळा फुकट मिळतो: शकात १२ मिळवून ६० ने भागावे, उरेल तो साठ संवत्सरांतला प्रभवापासूनचा क्रमांक. शके १८१७ ला बाकी उरते २९, म्हणजे मन्मथ. दगडावर शके १८१७ आणि नाव दुसरेच असेल तर आकडा पुन्हा वाचावा. नाव चुकण्यापेक्षा आकडा झिजण्याचा संभव जास्त.

वयाबद्दल एकच. ‘वय ६३’ आणि ‘वयाच्या ६३व्या वर्षी’ यांत एका वर्षाचा फरक आहे, दुसऱ्यात ६२ पूर्ण झालेली असतात. ६०, ७०, ८० असे गोल आकडे तर अंदाजच समजावेत. त्यावरून जन्मसाल काढायचे तर वहीत ‘सुमारे’ लिहावे.

बेने इस्राएलांच्या कित्येक घरांत मुंबई लष्करातली नोकरी पिढीजात होती, त्यामुळे दगडावर हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर हे हुद्दे सापडतात. ‘बहादूर’ आणि ‘सरदार बहादूर’ हे नावाचे भाग नव्हेत. ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडियाच्या दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाचे ते किताब आहेत. पलटणीचा क्रमांक मात्र जपून वाचावा. १९०३ साली मुंबईच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकांत १०० मिळवले गेले. ३ री बॉम्बे लाइट इन्फन्ट्री १०३ री मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि १९२२ च्या फेररचनेत तीच ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली. बापाच्या दगडावर ३ आणि मुलाच्या दगडावर १०३ असेल तर पलटण एकच. पेन्शनचे कागद मागताना हे न कळल्याने लोक रिकाम्या हाताने परततात.

आता दगडाशी गाठ पडल्यावर काय करायचे ते. पहिले काम फोटो, झाडू नंतर. उन्हाची तिरीप दगडावरून घसरत जाते तेव्हाच उथळ अक्षर उठते. पूर्वेकडे तोंड असलेल्या उभ्या दगडाचा फोटो दुपार व्हायच्या जरा आधी, ऊन कडेला कलत असताना काढावा, सकाळी समोरून ऊन असताना सपाट पाटीच दिसते. दगड झाडाच्या सावलीत असेल तर दोघांनी जावे: एकाने कपाटाच्या दाराचा लांब आरसा उन्हात धरून कवडसा दगडावर आडवा टाकावा, दुसऱ्याने फोटो काढावा. त्याहून उत्तम म्हणजे सूर्यास्तानंतर टॉर्च. फोन तिपाईवर घट्ट बसवावा, टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरावी आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्यावा. उभी रेघ डावी-उजवीकडच्या प्रकाशात दिसते, शिरोरेघ वर-खालच्या. एकाच फोटोवर भिस्त ठेवणारा हमखास मात्रा आणि अनुस्वार गमावतो. काळ्या दगडावर साधे पाणी शिंपडून दोन मिनिटे थांबले तर वरचा भाग आधी सुकतो, खाचांतला ओलावा मागे राहतो आणि अक्षरे स्वतःहून दिसू लागतात. खडू, राख, पीठ, शेव्हिंग क्रीम यांतले काही चोळू नये. खडूचे कण खरखरीत दगडात वर्षभर राहतात आणि चोळण्यात उरलेसुरले अक्षरही जाते. कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेण्याची जुनी पद्धत फोनच्या काळात सोडून द्यावी. भुसभुशीत संगमरवराला तेवढा दाबही पुष्कळ होतो.

फोटो दगडाचा, मग संपूर्ण कबरीचा, मागच्या बाजूचा आणि आजूबाजूच्या कबरींसह. कुटुंबे जवळजवळ पुरली जातात, पण नेहमीच नाही. शेजार हा सुगावा आहे, नाते नव्हे. चौकटीच्या कागदावर एक चौकट एक मीटर धरून रांगांचा नकाशा काढावा आणि प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा. मजकूर उतरवताना ओळ जशीच्या तशी, जिथे ओळ तुटते तिथे तिरकी रेघ, न वाचलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एक टिंब, अंदाजाने भरलेले अक्षर चौकोनी कंसात. ‘नांव’, ‘गांव’, ‘ह्यांचें’ हे अनुस्वार आजच्या नियमाने काढून टाकू नयेत. १९६२ पूर्वीचे लेखन तसेच होते, आणि दगड कधी कोरला याचा अंदाज त्यावरूनही बांधता येतो. कारण दगड मृत्यूच्याच वर्षी बसवला असे मुळीच नाही; मुलाने वीस-तीस वर्षांनी हाती पैसा आल्यावर बसवलेल्या दगडावर तारीख आठवणीतली असते.

धुवायचेच असेल तर आधी बोटाच्या पेराने हलके ठोकून पाहावे. बदबद आवाज आला तर हात लावू नये, पापुद्रा सुटलेला आहे. खणखणीत असेल तर साधे पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, शेवाळासाठी बांबूची कामटी. दगड आधी पूर्ण भिजवावा आणि खालून वर घासत जावे, नाहीतर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागात मुरतात. तारेचा ब्रश, साबणाची पावडर, ब्लीचिंग, गाड्या धुण्याचा प्रेशर पंप यांतले काहीही नको. संडासाचे ॲसिड तर कबरस्तानाच्या फाटकाच्या आत येऊ देऊ नये. संगमरवर आणि शहाबादी हे चुन्याचे दगड आहेत, ॲसिडने ते फसफसून विरघळतात. त्या दिवशी दगड पांढराशुभ्र दिसतो म्हणून सगळे खूश असतात. दोन पावसाळ्यांत तो साखरेसारखा सुटू लागतो. गवत काढायला कोयता दगडापासून वीतभर लांबच थांबवावा, उरलेले हाताने उपटावे. काडी लावून गवत जाळणे हा सर्वांत वाईट उपाय, तापलेल्या दगडाचे टवके उडतात. मोडलेला दगड लोखंडी सळई आणि सिमेंटने जोडला की खाऱ्या हवेत सळई गंजून फुगते आणि दगड नव्याने फाडते. तुकडे जुळवून जागच्या जागी सपाट ठेवावेत, फोटो घ्यावा आणि जाणकार मिळेपर्यंत थांबावे.

संगमरवरावर शिशाची अक्षरे बसवलेली असतात. शिसे गळून पडते किंवा चोरीला जाते, पण ज्या भोकांत ते ठोकलेले असते ती उरतात. भोके लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून टाकणाऱ्यांनी किती नावे कायमची पुसली असतील! भोकांचा जवळून फोटो घेऊन, शेजारच्या शाबूत अक्षरांच्या भोकांशी ताडून पाहिले तर बरेचसे वाचता येते. मातीत पडलेले शिशाचे अक्षर मिळाले तर पाकिटात घालून वर कबरीचा क्रमांक लिहून कबरस्तानाच्या ट्रस्टकडे द्यावे.

दगडावरून तारीख हाती आली की खरे काम तहसील कचेरीत सुरू होते. जुना गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म-मृत्यू नोंदले जात. जुनी पाने मोडीत आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी अशा अनेक नोंदींचे स्कॅनिंग झाले आणि पुष्कळ पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. त्याचा फायदा त्या गावातल्या प्रत्येक जातिधर्माच्या माणसाला आहे, हे अजून फारसे कोणाच्या लक्षात आलेले नाही. जमीन असेल तर मृत्यूनंतरच्या दोन-तीन वर्षांतला फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही ६-क काढावी. दगड एका माणसाचे नाव सांगतो. वारस नोंद त्याची विधवा, मुले, कधी परगावी गेलेला भाऊ, सगळ्यांना एका ओळीत उभे करते. सिनेगॉगच्या वह्या त्याआधी पाहाव्यात. मुंबईला स्थलांतर झालेल्यांसाठी वरळीचे कबरस्तान पाहावे; चिंचपोकळीचे बगदादी यहुद्यांचे आहे, तिथे कोकणी घराणी शोधत बसू नये. १९४८ नंतर इस्राएलला गेलेल्यांच्या दगडांवर आडनाव हिब्रू लिपीत असते, आणि तिथे प आणि फ एकाच अक्षराने लिहितात. तिथला ‘फेनकर’ इथला पेणकर असू शकतो.

मराठी ख्रिस्ती कबरस्तानांना यातले बहुतेक सगळे लागू आहे. तिथे आणखी एक फसगत: ‘योहान ११:२५’ हे वचन अर्धे झिजले की उरलेले आकडे तारखेसारखे दिसतात. अहमदनगरकडच्या घराण्यांनी १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या जुन्या अंकांतले मृत्युवृत्त जरूर पाहावे. गोव्यात जुन्या चर्चच्या फरशीतल्या शिळांवर ‘अमक्याची आणि त्याच्या वारसांची कबर’ असा पोर्तुगीज मजकूर असतो. नाव एकाचे, पुरलेले अनेक, आणि त्यांची नावे फक्त पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या, नोंदवहीत.

ट्रस्टींना, आणि जिथे ट्रस्ट उरलेला नाही तिथे ग्रामपंचायतीला, विनंती इतकीच की रंगरंगोटीची परवानगी देताना आधी प्रत्येक दगडाचे फोटो आणि उतरवलेला मजकूर मागून घ्यावा, त्याची एक प्रत सिनेगॉगमध्ये आणि एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी. रंग आधीच चढला असेल तर तो खरवडू नये. नोंदीत ‘रंगवलेले’ एवढे लिहावे आणि त्या आकड्यावर दुसरा कागद मिळेपर्यंत विसंबू नये. शनिवारी आणि सणाच्या दिवशी यहुदी कबरस्तानात कामाला जाऊ नये, डोके झाकावे, बाहेर पडताना हात धुवावेत. गवतात घोणस आणि मण्यार असतात, तेव्हा बूट आणि काठी हवीच. आणि कबरीवर ओळीने ठेवलेले लहान खडे हा कचरा नाही, भेटीला आलेल्यांनी ते ठेवलेले असतात. झाडणाऱ्या गड्याला हे झाडू हातात देण्याआधीच सांगावे.

आपले,
रायगड जिल्ह्यातील कबरलेखांच्या नोंदी ठेवणारे काही वाचक